गीतेकचा अंगरखा

भाताची रोपं लावून झाली आणि त्या वर्षी वारा कोरडा सुटला. शेतातलं रोप कसंबसं तग धरून होतं. मागावरचा धागा मात्र तग धरेना. मोशीच्या झाडाची साल सोलायची, ती दातांनी चिरत चिरत केसाइतकी बारीक करायची, मांडीवर वळून एकाला एक जोडायची, तेव्हा कुठे त्याचा धागा होतो. हवेत ओल असेतो तो माणसाचं ऐकतो. वारा कोरडा झाला की वाळल्या काडीसारखा कट्‌कन तुटतो. म्हणून सोगोक गावच्या बायका जमिनीत अर्ध्या पुरलेल्या खोलीत बसून विणायच्या, भर उन्हाळ्यात दार लावून, कोपऱ्याकोपऱ्यात पाण्याची मडकी ठेवून.

युन्दक पायरीवर बसून पोरीला पाजत होती. आत सासूबाई मागावर होत्या. कमरेला पट्टा, पायाला दोरी. माग कुठे संपतो आणि बाई कुठे सुरू होते ते अंधारात कळत नव्हतं. धोट्याचा आवाज थांबला.

"तुटला?" युन्दकनं विचारलं.

"तुटला. आणि वर अंगठ्यात अडकला. राळ आण गं, हेरानची आई."

सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याला उभी चीर होती. दर उन्हाळ्यात ती उघडायची आणि धागा त्या भेगेत अडकायचा. मग चीडाची राळ दिव्यावर वितळवून त्यात थेंब सोडायचा. युन्दकनं थेंब सोडला आणि सासूबाईंनी नुसता श्वास ओढला.

"गीतेक लहान असताना हे काम त्याचं होतं," त्या म्हणाल्या. "थेंब माझ्या अंगठ्यावर पडायचा आणि कळवळायचा तो."

गीतेक म्हणजे युन्दकचा नवरा. लग्नानंतर एक हिवाळा घरी राहिला आणि वाळवंटातल्या कुठल्याशा देशात रस्ते बांधायला निघून गेला. तो गेल्यावर हेरान झाली. बापानं लेकीला अजून पाहिलं नव्हतं. आता त्यानं कळवलं होतं, इथे सगळ्यांच्या खाटेवर घरच्यांचा फोटो आहे, माझीच भिंत रिकामी; एक चांगला फोटो काढून पाठवा.

तेव्हापासून घरात एकच विषय. घालायचं काय?

"मोशी," सासूबाईंनी सांगून टाकलं. "मोशीवाल्यांचं घर आहे. दुसरं काय घालणार?"

"पण आई, आपल्याकडे मोशी आहे कुठे?" नणंद माल्जा म्हणाली. सतरा वर्षांची, बुटकी, तोंडाची फटकळ. "आपण विणतो आणि पहाटेच्या बाजारात लोक घेऊन जातात. आपल्या अंगावर ते जाडंभरडं, खाजरं. फोटोत पोती बसवल्यासारखं दिसेल."

"खळ नीट घातली तर दिसणार नाही."

युन्दकला आपली पेटी आठवली. तिच्या पेटीत तळाशी एक हिरवा झगा होता. नायलॉनचा, शहरी, गुडघ्यापर्यंतचा. गीतेक जायच्या आधी दोघं हानसानच्या बाजारात गेली होती, तेव्हा दुकानाबाहेर टांगलेला तो झगा पाहून तो म्हणाला होता, "बांबूच्या कोंबासारखी दिसशील." एरवी गावभर तिला बांबूच म्हणायचे, पण वाळलेला. ती नवऱ्याएवढीच उंच होती. लग्नात दोघं शेजारी उभी राहिली तेव्हा बायका म्हणाल्या होत्या, नवरा आणलाय की आरसा? तिला उंचीवरून चांगलं बोलणारा तो पहिलाच. झगा तिनं एकदाच घातला होता, त्याच्यासमोर.

"आत्याबाई," एकदा धीर करून ती म्हणाली, "तो हिरवा झगा..."

"गुडघे दिसतात त्यात." सासूबाईंनी मान वर केली नाही. "आणि नायलॉन. घाम आत, माणूस बाहेर. तिकडे परक्या पुरुषांच्या भिंतीवर माझी सून गुडघे दाखवत बसणार?"

विषय तिथेच मिटला.

पण युन्दकच्या मनात दुसरंच एक कुतूहल घर करून होतं. माळ्यावर, जुन्या रजईत गुंडाळून, सासूबाईंनी मोशीचं एक ठाण ठेवलं होतं. सबंध हिवाळाभर विणलेलं, नाकतोड्याच्या पंखासारखं. इतकं बारीक काम त्यांनी आजवर घरात ठेवलं नव्हतं. पहाटेचा बाजार आला की त्या दुसरी ठाणं पाठीला बांधून जायच्या, हे तिथेच. युन्दकनं माल्जाला विचारलं, "वन्सं, ते कुणासाठी?"

"तुझ्यासाठी नसेल एवढं नक्की," माल्जा हसली. मग तिलाही प्रश्न पडला. "पण मग कुणासाठी गं, वहिनी?"

एके दिवशी दुपारी सासूबाईंनी हाक मारली, "इकडे ये. ताठ उभी राहा."

युन्दक उभी राहिली. सासूबाईंनी मागच्या बाजूला येऊन वितीनं तिचे खांदे मोजले. मग मानेपासून पोटरीपर्यंत. मग हात आडवा करायला लावून मनगटापर्यंत. नुसते आकडे पुटपुटत होत्या. त्यांचा राळ भरलेला अंगठा पाठीवरून खरबरीत सरकत गेला आणि युन्दकच्या अंगावर शहारा आला. आनंदाचाच तो. ते ठाण तिच्यासाठी होतं तर! मनातल्या मनात तिनं हिरव्या झग्याची माफी मागितली.

दोन दिवस ती सासूबाईंच्या अवतीभवती घोटाळत राहिली. मडक्यांत पाणी भर, दिव्याची वात नीट कर. कापड कापलं गेलं. पाठ कापली, बाह्या कापल्या. बाह्या रुंद होत्या. फार रुंद. मग सासूबाई लांब बंद शिवायला लागल्या, पुरुषाच्या कपड्याला छातीवर बांधतात तसे, आणि युन्दकच्या लक्षात आलं. बाईची बंडी कमरेच्या वर संपते. हे पोटरीपर्यंत जात होतं.

"अंगरखा आहे," ती म्हणाली.

"मग काय वाटलं तुला?"

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? घरातल्या कर्त्या पुरुषाचा." सासूबाईंनी दातांनी दोरा तोडला. "शेजारच्या पांग्योवालीच्या घरचा फोटो पाहिलास ना? पोरगा परदेशात, तर फोटोवाल्यानं त्याच्या डोक्याचा फोटो कापून वर चिकटवला. खाली अंग रंगवून काढलं. मडकं ठेवलंय बुजगावण्यावर. माझ्या पोराचं तसं नको. डोकं चिकटवायचं तर खाली कपडा खरा पाहिजे. त्याचं माप घ्यायला तो इथे नाही. तू आहेस."

युन्दक "हं" म्हणाली आणि पोरगी रडत नसतानाही तिला उचलून बाहेर गेली.

पुढचे दिवस खळीत गेले. घरातल्या जाड्याभरड्या मोशीच्या बंड्या, घागरे, हेरानची एवढीशी बंडी आणि तो अंगरखा, सगळं भाताच्या खळीत बुडवायचं, अर्धवट वाळवायचं, घडी घालून पायानं तुडवायचं, मग दगडावर ठेवून मोगऱ्यांनी बडवायचं. सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. चार मोगऱ्या, टाक-टोक, टाक-टोक. एकीची दुसरीला लागू नये म्हणून एकमेकींच्या हातांकडे बघत राहावं लागतं. तोंडाकडे बघायची गरज नसते. युन्दकला ते बरंच वाटलं.

"जोरात मारतेस," सासूबाई म्हणाल्या.

"कापड जाड आहे."

"हा अंगरखा आहे. जाड नाही."

जायच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी कपडे घातले आणि घरात एक चमत्कारिक आवाज भरून राहिला, हललं की कागद चुरगळल्यासारखा. पांढरेशुभ्र कपडे अंगापासून लांब फुगून उभे होते. माल्जा स्वतःभोवती फिरून बघत होती. "आई, खरंच पोती वाटत नाही गं!"

"आता ऐका," सासूबाई म्हणाल्या. "मोशीला खळ घातली की बसायचं नाही. एकदा बसलं की मांडीखाली, पोटाशी, कोपरात सुरकुत्या पडतात, त्या परत दगडावर गेल्याशिवाय मोडत नाहीत. फोटो निघेपर्यंत कुणी बसायचं नाही."

"आणि बसमध्ये?"

"बसमध्ये पण नाही."

बोचकं सासूबाईंनीच बांधलं. लंगोट, ज्वारीचे उकडलेले गोळे, पाण्याची बाटली. आदल्या रात्री युन्दकनं लंगोटांच्या तळाशी हिरवा झगा घडी करून सारला होता. का सारला ते तिला सांगता आलं नसतं. घालायला मिळणार नाही हे ठाऊक होतं. अंगरखा वेगळा होता. तो माल्जानं दोन्ही हातांवर आडवा धरला होता, झोपलेल्या माणसाला उचलावं तसा.

फाट्यापर्यंत धूळ. बस आली ती निम्मी रिकामी. कंडक्टर पोरगी दारात लोंबकळत होती. "चला आजी, आत या, बसा."

"आम्ही उभ्याच बऱ्या."

"अहो, जागा आहेत."

"दिसतायत."

पोरीनं तिघींना खालून वरून पाहिलं, मग ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "सावकाश हाणा हो, आज पांढऱ्या बगळ्या चढल्यात!" बस हसली. सासूबाईंनी वरच्या दांडीला हात घातला, पण तो पुरेना, म्हणून चवड्यांवर उभ्या राहिल्या. खड्डा आला की तिघी एकदम झुलायच्या आणि कपड्यांचा कागदी आवाज व्हायचा. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुणाचं लग्न?"

"कुणाचं नाही. फोटो आहे," माल्जा म्हणाली.

"कुणाचा?"

"माझ्या दादाचा."

"मग तो कुठाय?"

"तो नाहीये," माल्जा म्हणाली, आणि म्हातारा विचारात पडला.

हेरान भुकेली झाली. युन्दकला कळलं ते तिच्या रडण्याच्या आधीच, छाती ताठ होऊन आली तेव्हा. बसून पाजायचं तर सुरकुत्या, उभ्यानं पाजायचं तर बंडीचे बंद सोडावे लागणार, तेही चालत्या बसमध्ये. तिनं पोरीला खांद्यावर टाकून थोपटलं. पोरगी रडायला लागली आणि तिच्या रडण्याबरोबर पान्हा आपसूक सुटला. युन्दकला गरम ओल जाणवली. तिनं खाली पाहिलं. खळ घातलेल्या पांढऱ्या बंडीवर दोन गोल डाग पसरत होते. ओल लागली तिथे खळ विरघळून कापड मऊ पडत होतं. तिनं हेरानला समोर धरून ते झाकले आणि खिडकीबाहेर वाळलेल्या शेतांकडे बघत राहिली.

हानसानच्या फोटोवाल्याची खोली वरच्या मजल्यावर होती. भिंतीवर रंगवलेलं तळं, तळ्यात रंगवलेली हंसांची जोडी. फोटोवाला लठ्ठ आणि घामट होता. त्यानं गीतेकचा लहान फोटो हातात घेऊन डोळे बारीक केले.

"होईल. डोकं बसवून देतो. अंगरखा इथे खुर्चीच्या पाठीवर टाका, नीट पसरून. बाकीचे बाजूला बसा."

माल्जानं अंगरखा खुर्चीवर टाकला. बाह्या दोन्हीकडे लोंबल्या. 

"उचल तो," सासूबाई म्हणाल्या. आवाज इतका वेगळा होता की हेरानसुद्धा रडायची थांबली. "उचल म्हणते ना!"

माल्जानं झडप घालून अंगरखा छातीशी धरला. त्याला आता सुरकुत्या पडल्या असत्या, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सासरे गेले तेव्हा त्यांच्या चुलतभावानं त्यांची रिकामी बंडी घेऊन छपरावर चढून ती हलवली होती आणि उत्तरेकडे तोंड करून त्यांना हाका मारल्या होत्या. माणसाचा कपडा माणसाशिवाय पसरतात तो तेवढ्यासाठीच.

"जिवंत आहे तो," सासूबाई फोटोवाल्याला म्हणाल्या. "जिवंत माणसाच्या कपड्यात जिवंत अंग पाहिजे. आत कुणीतरी उभं राहील, मगच काढा."

"मला काय!" फोटोवाल्यानं रुमालानं मान पुसली. "कुणालाही उभं करा. डोकं तर मी कापणारच आहे." त्यानं तिघींवरून नजर फिरवली आणि युन्दकपाशी थांबवली. "ही बाई उंच आहे. हिला घाला."

"हो, वहिनीच!" माल्जा म्हणाली. "तिच्याच मापाचा आहे की."

सासूबाईंनी मान हलवली. "हो. मापाची आहे."

युन्दकनं हेरानला माल्जाकडे दिलं. डाग उघडे पडले. माल्जाचं तोंड उघडं राहिलं, "अगं बाई, वहिनी, हे काय!"

"अंगरख्याखाली झाकलं जाईल," युन्दक म्हणाली आणि अंगरख्यासाठी हात पुढे केला. सगळं किती बरोबर जुळत होतं! उंची जुळत होती, डाग झाकले जात होते. सासूबाईंच्या विती तिला आठवल्या. खांदे, पाठ, मनगट. तिथपर्यंतच मोजलं होतं. मानेच्या वरचं काही मोजायची गरज नव्हती.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"मग डोळ्यात काय आहे?"

"आत्याबाई," युन्दक म्हणाली. "त्यांना मी दिसणार नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी कोंबड्या विकत होतं. फोटोवाला कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाशी चाळा करत उभा होता. सासूबाई सुनेकडे बघत राहिल्या, तुटलेल्या धाग्याची टोकं कुठली कुठे जातात ते शोधताना बघायच्या तशा. मग त्या वाकल्या, बोचक्याची गाठ सोडली, लंगोट बाजूला केले आणि तळातून हिरवा झगा ओढून काढला.

युन्दक लाल झाली.

"बोचकं मी बांधलंय," सासूबाई म्हणाल्या. "आंधळी नाही मी. बस आता खाली. आधी पोरीला पाज, मग हे घाल."

"पण सुरकुत्या..."

"ह्याला कुठल्या सुरकुत्या पडतायत!" त्यांनी झगा झटकला. रात्रभर लंगोटांखाली दाबून ठेवलेला झगा पाण्यासारखा उलगडला, एक घडी नाही की चूण नाही. त्या त्याच्याकडे जरा रागानंच बघत राहिल्या. "आणि आपण बगळ्यांसारख्या उभ्या आलो इथवर."

माल्जा फिस्‌कन हसली.

"मग अंगरख्यात कोण, आई? मी तर ह्यात बुडेन."

"बाहेर जिन्याखाली खोकं आहे, सफरचंदाचं. ते आण."

"कशाला?"

"मी उभी राहते."

"मग तूच नसणार फोटोत!"

"मला त्यानं जन्मापासून पाहिलंय," सासूबाई अंगरख्यात हात घालत म्हणाल्या. "आता नवीन काय दिसायचंय? हिला एक हिवाळा पाहिलं. पोरीला तेवढंसुद्धा नाही. जा, खोकं आण, तोंड काय बघतेस?"

युन्दक कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसली. सकाळपासून पहिल्यांदा बसली. गुडघे दुखत होते ते तेव्हा कळलं. हेरान अशी चुटूचुटू पीत होती की फोटोवाल्यालाही ऐकू जावं. मागे सासूबाईंना खोक्यावर चढवायची खटपट चालली होती. "आई, डुलतंय गं." "धर की मग!" अंगरखा खोक्यावर बरोबर पोटरीपर्यंत आला, खांदे तेवढे घसरले, फोटोवाल्यानं मागून दोन चिमटे लावले.

मग युन्दक हिरवा झगा घालून खुर्चीवर बसली. गुडघे दिसत होते. तिनं हेरानला गुडघ्यांवर बसवलं. शेजारी माल्जा उभी, ताठ, पांढरी. मागे अंगरखा, आणि अंगरख्याच्या वर सासूबाईंचं घामेजलेलं, गंभीर तोंड, जे आता कापलं जाणार होतं.

"हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, आजी. हं, तसा. पुरुषासारखा."

"पुरुष काय हात वेगळा ठेवतो?"

"हलू नका. हलू नका आता..."

कळ दाबायच्या वेळेलाच हेराननं मान वळवली, खुर्चीच्या पाठीवरचा अंगठा बघितला आणि मुठीत पकडला.

"हललं पोर!" फोटोवाला ओरडला. "परत घेऊ."

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "बापाचं बोट धरलंय."

फोटो तयार होऊन आला तेव्हा पाऊस लागून गेला होता आणि धागा पुन्हा ऐकायला लागला होता. गीतेकचं डोकं अंगरख्यावर बरं बसलं होतं, मान थोडी आखूड. पांग्योवालीनं फोटो उजेडात धरून, आडवा धरून पाहिला. "अगदी खरा वाटतो गं! पण म्हातारी कुठाय? रुसली होती का?" युन्दकनं तोंड फिरवून हसू दाबलं. हिरवा झगा फोटोत राखाडी आला होता. एक प्रत भिंतीवर लागली, एक वाळवंटात गेली.

मोशीची शेवटची कापणी चालू होती तेव्हा शेजारच्या गावचा चोंगमान सुट्टीवर आला. गीतेकच्याच खोलीत राहायचा, उन्हानं अगदी करपला होता. ओसरीवर बसून त्यानं पिशवीतून एक लहान पत्र्याची डबी काढली.

"तुमच्या सासूबाईंना. मलम आहे. तिकडे सिमेंटनं आमचे हात फाटतात ना, त्यावर लावतो आम्ही. गीतेक म्हणाला, आईला दे आणि सांग, अंगठ्याला लाव, राळ नको."

युन्दकचा कापणीचा विळा हातातच राहिला. "असं म्हणाला?"

"हो. फोटो आला त्या दिवशी तो बघतच बसला होता. आम्ही म्हटलं, अरे, आम्हाला पण दाखव. तर ह्यानं काय करावं, बोटानं फोटोतलं स्वतःचंच तोंड झाकलं आणि उरलेल्याकडे बघून हसायला लागला. हसता हसता बाहेर निघून गेला." चोंगमाननं डोकं खाजवलं. "वहिनी, मी तो फोटो किती वेळा पाहिला असेल. त्यात तुमच्या सासूबाई आहेत तरी कुठे?"

जमिनीखालच्या खोलीतून येणारा धोट्याचा आवाज थांबला होता. दार किलकिलं झालं.

"आणि तुम्हाला एक विचारायला सांगितलंय," चोंगमान लाजला. "रंग हिरवाच आहे ना, एवढं बघून ये म्हणाला."

"हिरवाच आहे म्हणावं!" आतून सासूबाई ओरडल्या. "गुडघ्यांसकट!"

संध्याकाळी त्यांनी डबी उघडून हुंगली. "ह्याचा वास धाग्याला लागेल," असं म्हणून झाकण लावलं आणि फळीवर ठेवून दिली. युन्दक चुलीशी गेली. परत आली तेव्हा मागाचा पट्टा खुंटीला टांगलेला होता आणि सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. मलम चोपडलेला अंगठा त्यांनी बाकीच्या बोटांपासून लांब, ताठ उभा धरला होता, कुठेही टेकू न देता. हेरान त्याच्याकडे रांगत निघाली होती.